आई शहाणी असल्याचा दाखला

माझी आई मानसिकदृष्ट्या पूर्ण सक्षम आहे, तिला वेळ, वार, स्थळ आणि माणसं यांचं नीट भान आहे, आणि आपले निर्णय ती आपण घेऊ शकते, असा डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा दाखला आहे. तो मी मिळवला. त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि आचोळ्याच्या रस्त्यावर उभं राहून उसाचा रस प्यायले. इतकी खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हते.

तो दाखला पोकळ आहे हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही नाही. त्या बिचाऱ्यांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि लिहून दिलं. उत्तरं आईच्या तोंडून आली, पण ती माझी होती.

आमचं माहेरचं घर आगाशीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. कौलारू चार खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर आणि विहिरीभोवती वाडी. केळी, अळू, तोंडलीचा मांडव, कुंपणाला मोगरा. वडिलांनी जाण्याआधी हे सगळं आईच्या नावावर करून ठेवलं. लोक म्हणाले, बायकोवर केवढी माया! माया असेलही. पण वडिलांना आम्हा दोघा भावंडांची नस ठाऊक होती. धाकट्या भावाला दिलं तर तो विकेल, आणि मला दिलं तर मी त्याला ओट्यावरही टेकू देणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आई दोघांच्या मधे बसलेली असली की दोघं गप्प राहतील असा त्यांचा हिशोब. आई एक दिवस मधे बसलेली असूनही तिथे नसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी डाळीतलं मीठ, मग गॅस, मग माणसं. मला ती कधी विसरली ते मात्र सांगता येत नाही. आमच्याकडे लेकीलाही बाय, सुनेलाही बाय आणि दारावर मासे घेऊन येणारीलाही बायच म्हणतात. मी रविवारी गेले की आई तोंडभर हसून म्हणायची, "आलीस बाय?" मी खूश. वर्षभराने लक्षात आलं की मीटर बघायला आलेल्या पोरीलाही ती तसंच हसून तेच म्हणते.

पण घरात आणि वाडीत ती चुकत नसे. ओट्याच्या तीन पायऱ्या, मागचं दार, तुळस, विहीर, केळीची आळी, हे सगळं तिच्या पायांना पाठ होतं. डोक्यातलं पुसलं गेलं तरी पायांतलं राहिलं होतं. सकाळी उठून ती विहिरीकडे जायची आणि म्हणायची, "आज आपली पान्याची पाळी."

ही पाळी काय ते सांगते. विहीर तीन घरांची सामायिक. पूर्वी केळीला पाणी सोडायचे वार वाटून घेतलेले असत आणि आमचा वार मंगळवार. त्या दिवशी आई पहाटेपासून पाण्याच्या पाटावर. एका आळ्यात पाणी भरलं की पायाने चिखल सारून ते बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. मंगळवारी आमच्या घरी पाहुणा आला तर त्याला चहा आमच्या हातचा मिळायचा, कारण आईला पाटावरून हलायला सवड नसे. पुढे ज्याने त्याने बोअर मारली आणि पाळ्या संपल्या. त्यालाही पंचवीस वर्षं झाली. आईसाठी मात्र आता रोजच मंगळवार होता.

एकदा आईजवळ राहणारे भाऊ आणि भावजय लग्नाला नाशिकला गेले म्हणून आठ दिवस आईला मी आचोळ्याला आणलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवसापासून ती मागचं दार शोधत होती. बेडरूमच्या भिंतीवर तळहात टेकून उभी राहायची. "बाय, मागचं दार कुठं हाय? पानी चाललंय माझं." मी सांगायचे, आये, इथे मागचं दार नाही. ती माझ्याकडे असं बघायची की घराला मागचं दार नाही म्हणणारीच खुळी. चौथ्या दिवशी तिने जेवण सोडलं. सातव्या दिवशी मी रिक्षा केली आणि तिला घरी पोचवून किल्ली असलेल्या शेजारणीकडे सोपवून आले. ओट्याच्या पायऱ्या ती कुणाचा हात न धरता चढली, सरळ मागच्या दाराने बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्यावर बसली. त्या दिवशी मला कळलं की ही बाई दुसरीकडे कुठेही जगायची नाही. हे मला कळलं होतं. नंतर जे झालं ते न कळून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या शेजारणीचाच फोन आला की तुमच्या वाडीत दोन दिवस गाडी येते, माणसं टेप धरून मापं घेतात. मी भावाला फोन लावला.

"कोणाची गाडी आहे?"

"बिल्डरची. बघायला आलेत फक्त. बघायला टॅक्स लागतो काय, ताई?"

"आणि आईला कुठे ठेवशील?"

"आमच्याबरोबर, फ्लॅटमध्ये. का? तू राहतेस ना फ्लॅटमध्ये? मरतेस काय?"

मी फोन आपटला. मोबाइल आपटायची सोय नसते, म्हणून उशीवर आपटला. खरं सांगायचं तर त्या रागात आई निम्मी होती आणि निम्मा तो होता. लहानपणापासून घरातला मोठा घास त्याचा, भाकरीचा पापुद्रा त्याचा. आपला तो बाब्या! आता वाडीही आपसूक त्याच्या पानात पडणार आणि मी दर रविवारी सफरचंदं नेणारी पाहुणी. माझे यजमान म्हणाले, "तुमच्या घरचं तुम्ही बघा." ते आयुष्यभर एवढंच म्हणत आलेत.

मी वसईला कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कुलमुखत्यारपत्राचा मार्ग सांगितला. म्हणजे आईच्या वतीने सह्या करायचा, विकायचा, विकू न द्यायचा, सगळा अधिकार एका माणसाच्या हाती देणारा नोंदणीकृत कागद. "तुमच्या नावाने झालं तर आईंच्या वतीने तुम्ही बिल्डरला नोटीस देऊ शकाल," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, "आईंना समजतंय ना सगळं? नसेल तर तो कागद उपयोगाचा नाही. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल. तो रस्ता लांबचा आहे, पण खरा आहे."

खरा रस्ता माझ्यासमोर ठेवला होता. पण कोर्टाने विचारलं असतं की आईला सांभाळतं कोण, आणि उत्तर भाऊ आणि भावजय असं आलं असतं. पालक तोच झाला असता. म्हणून मी म्हणाले, "समजतं की. अगदी ठणठणीत आहे."

"मग डॉक्टरांचा दाखला घ्या," वकीलबाई म्हणाल्या.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तोंडी परीक्षेची तयारी करून घेणं हा माझ्या हातचा मळ. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी आम्ही काय करत असू ते शिक्षकांना सांगायला नको. प्रत्येक पोराला एकच उत्तर घोटून द्यायचं आणि साहेबांचा प्रश्न हळूच त्या पोराकडे वळवायचा. साहेब खूश, शाळा खूश, पोराला काही येत नाही ते नाहीच. तेच मी माझ्या आईवर केलं.

डोळे तपासायचे आहेत असं भावजयीला सांगून आईला आचोळ्याला आणलं आणि तीन दिवस तयारी घेतली. नाव काय? गाव कुठलं? मुलं किती? सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच उजळणी. पहिल्या दिवशी मुलं किती विचारल्यावर ती म्हणाली, "कोनाची?" मी ओरडले. आईवर ओरडले, वर्गात ओरडायचे तशी. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी "एक लेक, एक लेक" म्हणाली, मी म्हटलं चालेल, एक मुलगा एक मुलगी, असं म्हण. तिसऱ्या दिवशी म्हणाली. त्याबद्दल मी तिला पेढा दिला.

अडचण एकाच प्रश्नाची होती. आज वार कोणता? हे तिच्या डोक्यात काही केल्या बसेना. कधीही विचारा, उत्तर एकच, "आज आपली पान्याची पाळी." मग मला माझी हुशारी सुचली. डॉक्टरांची वेळ मी मंगळवारची घेतली.

डॉक्टर तरुण आणि सज्जन होते. आईच्या समोर खुर्ची ओढून बसले. नाव, गाव, मुलं, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"आज आपली पान्याची पाळी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसून म्हणाले, "विहीर सामायिक आहे आमची. मंगळवारची पाळी आमची. म्हणून ती मंगळवार म्हणत नाही, असं सांगते."

डॉक्टर खूशच झाले. म्हणाले, "वा! हे तर कॅलेंडर बघून सांगण्यापेक्षा चांगलं." आणि लिहिलं, वेळ आणि वार यांचं नीट भान आहे. आई माझ्याकडे बघत होती. तिला पेढा हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, काय करायला आलात?" आईने घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं, "माझ्या लेकीला मुखत्यार नेमते." फोटो निघाला, अंगठा झाला, सही झाली. सहीसुद्धा मीच शिकवलेली, मी सातवीत असताना, चुलीपुढे पाटीवर. ती अजून सुरेख करते. सगळं विसरली, ती सही नाही विसरली. अधिकारी म्हणाले, "या वयात काय अक्षर आहे!" मला अभिमान वाटला. त्या क्षणी अभिमान वाटला होता हे आठवलं की आता तोंडात कडू येतं.

आईला घरी सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फुटलं. भावजय तिला भरवत होती आणि तिला अंगठ्यावरची शाई दिसली. "डोळे तपासायला अंगठा कशाला लागला?" एवढंच तिने नवऱ्याला विचारलं. रविवारी मी नेहमीप्रमाणे सफरचंदं घेऊन गेले तर भाऊ ओट्यावर उभा.

"आईला कुठे नेलं होतंस?"

लपवण्यासारखं काही नाही असं मला वाटत होतं. जिंकलेल्या माणसाला तसं वाटतं. मी म्हणाले, "आईने मला कुलमुखत्यार नेमलंय. आता तुझ्या बिल्डरला सांग, मापं घेतलीस तेवढी पुरे."

"आईने नेमलंय? आईला स्वतःचा ब्लाउज उलटा की सुलटा ते कळत नाही, आणि तिने नेमलंय?" तो इतका ओरडला की कुंपणाशी माणसं उभी राहिली. "आठवड्यातून एकदा येणार, चार सफरचंदं आणणार आणि मालकीण होणार!"

"मी तिची मुलगी आहे. तू विकायला निघालायस तिला."

तेवढ्यात भावजय आतून आली. तिच्या हातात बादली होती, आईच्या चादरी पिळून वाळत घालायला निघाली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "ताई, त्या कागदात आईंचे डायपर कोणी बदलायचे ते लिहिलंय का?"

चार वर्षं आईचं सगळं ती करत होती आणि माझ्या वाट्याला सगळे मिळून दहा-बारा दिवस आले होते. उत्तर नसलं की माणूस पुरावा काढतो. मी पर्समधून प्लास्टिकचं पाकीट काढलं, दाखल्याची झेरॉक्स भावाच्या हातात कोंबली आणि कुंपणाशी उभ्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाच! डॉक्टरांनी लिहून दिलंय. आई पूर्ण शुद्धीवर आहे. तिने जे केलं ते समजून-उमजून केलंय. एवढी झेरॉक्स पुरत नसेल तर मूळ कागदही दाखवते!"

भाऊ वाचायला लागला. तो पहिल्यापासून सावकाश वाचतो, शाळेत असताना मीच त्याचा अभ्यास घ्यायचे. ओळीखाली बोट धरून त्याने सगळा कागद वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. त्याचा चेहरा हळूहळू शांत झाला. कागदाची नीट चार घड्यांची घडी करून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं. आई शुद्धीवर आहे म्हणतेस. चांगलं आहे." मला वाटलं वरमला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

आई तेव्हा विहिरीवर होती. आमचं भांडण तिच्यापर्यंत पोचलं नसावं. मी निघताना तिने हसून विचारलं, "आलीस बाय?"

पंधरा दिवसांनी मला रजिस्टर्ड पत्र आलं. पाठवणार, माझी आई. माझ्या आईने आयुष्यात मला लिहिलेलं ते एकमेव पत्र. त्यात ती मला 'तुम्ही' म्हणत होती. 'तुमच्या लाभात दिलेले कुलमुखत्यारपत्र मी स्वखुशीने रद्द करीत असून यापुढे तुम्ही माझ्या मिळकतीत कोणताही हस्तक्षेप करू नये.' खाली ती सुरेख सही. सोबत भावाच्या नावाने केलेलं नवं कुलमुखत्यारपत्र, आणि त्याला जोडलेला दाखला. माझा दाखला. त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

वकीलबाईंनी कार्यालयात चौकशी केली. अधिकाऱ्यांनी याही वेळी आईला विचारलं होतं आणि आईने सांगितलं होतं, "माझ्या लेकाला मुखत्यार नेमते." भावाला फारसं काही करावं लागलं नव्हतं. मी तयार करून दिलेल्या वाक्यात त्याने एक शब्द बदलला होता. त्यालाही पेढ्याची युक्ती सापडली होती की नाही कोण जाणे.

त्याच मुखत्यारपत्रावर त्याने वाडीचं खरेदीखत केलं. सातबाऱ्यावर बिल्डरचं नाव चढायच्या आधी मी हरकत घेतली. कारण लिहिलं, विकणारी बाई विस्मरणाने आजारी आहे, तिला काहीही समजत नाही. सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे होती. एका टेबलाच्या या बाजूला मी आणि वकीलबाई, त्या बाजूला भाऊ आणि त्याचे वकील.

"आईंना समजत नाही असं तुम्ही म्हणता. कधीपासून?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चार वर्षांपासून."

त्याच्या वकिलांनी एक कागद पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे वळवला. "हा दाखला या वर्षीचा आहे. हा कोणी घेतला?"

"मी."

"मग डॉक्टर चुकले?"

आता मला एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर चुकले नाहीत, मी त्यांना फसवलं. तीन दिवस मी आईला पढवलं. मंगळवार मी मुद्दाम निवडला. पाण्याची पाळी ती रोजच म्हणते. एवढं बोलले असते तर कदाचित, नक्की नाही पण कदाचित, तो व्यवहार तिथे अडला असता, कोणी सरकारी माणूस घरी गेला असता, विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या बाईला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं. वकीलबाईंना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या भडकल्या होत्या. म्हणाल्या होत्या, असं कबूल केलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, मग मी काही करू शकणार नाही. मला पोलीस चौकी दिसली, माझी पेन्शन दिसली, माझ्या हाताखाली शिकलेली आणि आता बाप झालेली आचोळ्याची पोरं दिसली. आई दिसली नाही. हे मी लिहून ठेवते आहे, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी म्हणाले, "त्या दिवशी ती बरी होती."

टेबलापलीकडून भावाने माझ्याकडे बघितलं. तो हसला नाही. आम्ही दोघं एकाच परीक्षेत कॉपी केलेली पोरं होतो आणि दोघांना ते माहीत होतं.

"तुम्ही सही घेतलीत त्या दिवशी बऱ्या होत्या," अधिकारी म्हणाले, "आणि यांनी घेतली त्या दिवशी नव्हत्या, असं कसं म्हणता येईल? तुम्हाला दाद मागायची तर दिवाणी कोर्टात मागा." दिवाणी कोर्टात मी दावा लावला आहे. तारखा पडतात. वकीलबाई म्हणतात, धीर धरा. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, धीर कुणी धरायचा ते त्या सांगत नाहीत.

घर उन्हाळ्यात पाडलं. मी बघायला गेले नाही. केळी तोडल्या, मांडव गेला, मोगरा गेला. विहीर तेवढी ठेवली आहे, टँकर भरायला. आमच्या सोसायटीत दिवसाआड टँकर येतो. तो कुठून भरून येतो ते मी विचारत नाही.

बिल्डरने भावाला इमारत होईपर्यंत विरारला भाड्याचा फ्लॅट दिला आहे, चौथ्या मजल्यावर. मधे सहा महिने मी गेले नाही. मग गेले, कारण आई कुणाशी भांडली नव्हती. भावजयीने दार उघडलं आणि बाजूला झाली. ती वाळली आहे. भावाचंही काही खरं नाही, सोफ्यावर बसून तो टीव्ही बघत होता आणि टीव्हीचा आवाज बंद होता. मी पिशवी टेबलावर ठेवली. सफरचंदं. वाडी असताना बदल्यात निदान घरची चार केळी मिळायची.

आई आतल्या खोलीत भिंतीला तळहात लावून उभी होती. भिंतीचा तेवढा भाग तिच्या हातांनी काळवंडला आहे. मी हाक मारली तर वळली. पूर्वीचं तोंडभर हसू गेलंय. म्हणाली, "बाय, मागचं दार कुठं हाय?"

मी तिला पलंगावर बसवलं. तिच्या तळपायांना हात लावला. मऊ पडले होते. मी त्या पायांना कधी मऊ बघितलं नव्हतं. भावजय दारातून म्हणाली, "सकाळी बाथरूमचा नळ सोडून ठेवला होता. पायाने पाणी वळवत बसल्या होत्या लादीवर. हॉलपर्यंत पाणी आलं." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. थकवा होता.

आईने माझं मनगट धरलं. जवळ ओढून, शाळेतली पोरं शेजारच्याला उत्तर विचारतात तसं हळूच विचारलं, "बाय, आज वार कोनता?"

रविवार होता. बाहेर भाऊ ऐकत होता, दारात भावजय उभी होती.

"मंगळवार, आये," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. बरोबर उत्तर मिळालं की उजळतो तसा. "मंग आपलीच पाळी," ती म्हणाली. "चल, मला घरी ने." आणि वाकून पलंगाखाली चपला शोधायला लागली.

त्या तिथेच होत्या, माझ्या पायाशी. मी पायानेच त्या आत सरकवल्या.